ते पाणी टाकायलाच हवं होतं

"क्रिएटिनिन चार पॉइंट एक," सोलापूरच्या डॉक्टरांनी कागद वाचला आणि मग आमच्याकडं बघून म्हणाले, "सर, मूत्रपिंडं बऱ्याच दिवसांपासून थकलेली आहेत."

क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला कचरा. मूत्रपिंडांनी तो बाहेर टाकायचा असतो. ती नीट चालेनाशी झाली की आकडा वाढतो. माझे पती विलास जळकोटच्या शाळेत भूगोल शिकवत आणि धाराशिवहून रोज एसटीनं ये-जा करत. पायांवर सूज यायची. ती दिवसभर उभं राहिल्यानं येते असं आम्ही धरून चाललो होतो. मी इथल्या वाचनालयात ग्रंथपाल आहे. आयुष्यभर वाचत आले, पण ती सूज मला वाचता आली नाही.

विलासनी एकच प्रश्न विचारला, "डायलिसिस लागेल का?" त्यांचे थोरले भाऊ दोन वर्षं त्या यंत्रावर होते. त्यांचे हाल विलासनी जवळून पाहिले होते.

"आज नाही. गोळ्या घेतल्या, पथ्य पाळलं, तर बरेच दिवस लांबवता येईल," डॉक्टर म्हणाले.

आमचं सगळं त्या 'लांबवता येईल'वर चाललं होतं.

पथ्याचा मुख्य मुद्दा होता पोटॅशियम. हा क्षार भाज्यांत, फळांत, नारळाच्या पाण्यात असतो. निरोगी शरीर जास्तीचा क्षार टाकून देतं. मूत्रपिंडं थकली की तो रक्तात साठतो आणि हृदय बंद पाडू शकतो. म्हणून भाजी बारीक चिरायची, भरपूर पाण्यात उकडायची, ते पाणी फेकायचं आणि मग फोडणी द्यायची. मीठ निम्मं.

"मेथी आज विहिरीत पोहून आली वाटतं," विलास पहिला घास घेऊन म्हणायचे. पण जेवायचे. चार महिने आकडा जागेवर राहिला.

माझा मात्र ते पाणी टाकताना हात जड व्हायचा. आमच्याकडं पुरणाच्या डाळीचं पाणीसुद्धा कुणी टाकत नाही, त्याची येळवणीची आमटी होते. आईनं मला हेच शिकवलं होतं, की चव आणि ताकद पाण्यात उतरते. रोज हिरवंगार पाणी मोरीत जाताना बघून वाटायचं, मी यांना चोथा वाढतेय.

हेच एक दिवस सुनंदानं बोलून दाखवलं. सुनंदा माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. माझी आई आजारी होती तेव्हा तिनं माझ्याबरोबर दवाखान्यात दिवस काढले होते. कुठल्याशा आहारशिबिराला जाऊन आल्यावर तिनं आरोग्याच्या खाण्याचं दुकान टाकलं होतं.

"अगं बये, सगळं सत्त्व मोरीत ओततीस की! डॉक्टरला काय, त्याला मशीन चालवायचीय." मग विलासकडं वळून, "भावजी, तुम्हाला मशीनवर जाऊ देत नाही. माझा शब्द हाय."

त्या शब्दासाठी विलास काहीही करायला तयार झाले असते. मीही.

तिच्या दुकानातून तीन वस्तू आल्या. शेवग्याच्या पानांची पावडर, सकाळच्या हिरव्या रसाचं मिश्रण आणि काचेच्या बरणीत कमी सोडियमचं मीठ. साध्या मिठाच्या कितीतरी पट महाग. परसात आमचा स्वतःचा शेवगा उभा असताना मी त्याच्या पाल्याची डबी विकत आणली. भाजीचं पाणी आता मोरीत न जाता सूप म्हणून ताटात यायला लागलं.

बरणीवरची बारीक अक्षरं मी वाचली होती. पोटॅशियम क्लोराईड. मी सुनंदाला विचारलंसुद्धा. ती म्हणाली, "निसर्गातलं पोटॅशियम वेगळं असतं गं." मला पटलं नाही. पण मी पटवून घेतलं, कारण ती सुनंदा होती.

पंधरा दिवसांत विलासना हुशारी वाटू लागली. क्रिएटिनिन थोडं उतरलं. ते तसंही थोडं खालीवर होतं, हे मला नंतर कळलं. सुनंदानं आमच्याच पुढच्या सोप्यात बसून, या मिठानं आणि रसानं बरं वाटतंय असं सांगणारा विलासचा आवाज मोबाईलवर भरून घेतला आणि गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर टाकला. शिक्षकाच्या सवयीनं शेवटी त्यांनी स्वतःचा फोन नंबर सांगितला. "कुणाला शंका असेल तर खुशाल विचारा."

पुढच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, "पोटॅशियम जरा वाढलंय. भाजीचं पाणी फेकताय ना?"

"हो," मी म्हणाले.

सुनंदानं बजावलं होतं, डॉक्टरला सांगू नका, तो उगाच घाबरवील. तुमच्या घरी असा रुग्ण असेल तर माझं एवढंच ऐका. काहीही खायला घाला, पण ते डॉक्टरांपासून लपवू नका. मी बरणी पिशवीत घालून नेली असती तर पुढचं लिहावं लागलं नसतं.

तीन आठवड्यांनी एका सकाळी विलास खुर्चीतून उठेनात. "पायात जीवच न्हाय गं," म्हणाले. ईसीजी म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा आलेख. तो बघताच इथल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि आम्हाला ॲम्ब्युलन्समध्ये बसवलं. सोलापुरात पोटॅशियम आठच्या वर निघालं. पाचच्या आत हवं असतं. ज्या यंत्राच्या भीतीनं आम्ही हे सगळं केलं, तेच यंत्र त्यांना वाचवायला लावलं. अर्ध्या तासात हृदय थांबलं.

मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "ते मीठ पुष्कळांना चालतं," ते म्हणाले. "यांना नव्हतं चालत."

दहाव्याला सुनंदा आली, माझ्या गळ्यात पडून रडली. मग डोळे पुसत म्हणाली, "तू मधी मधी साधं मीठ घातलं असशील. नीट पाळलं नसणार तुम्ही."

तिचं चुकलं, ते मी कधीतरी समजून घेतलं असतं. चूक माझीही होती. पण दहा दिवसांत ती सगळी चूक तिनं माझ्या स्वयंपाकघरात आणून ठेवली आणि चहा घेऊन गेली.

महिन्याभरानं विलासचा फोन वाजला. तेर गावाहून कुणी बोलत होते.

"सरांचाच नंबर का? ग्रुपवर सरांचा आवाज ऐकला. आमच्या मालकिणीलाबी किडनीचंच हाय. तेच मीठ आणलंय. जरा सरांना द्या की, किती घालायचं ते इचारतो."

म्हणजे तो आवाज अजून फिरत होता. सुनंदानं तो काढला नव्हता.

"सर नाहीत," मी म्हणाले.

"मग कवा येतील?"

मी सांगितलं. मिठाचंही सांगितलं, आणि पाण्याचंही. मागून एका बाईचा आवाज आला, "काय म्हणले वो सर?"

"ए, ते ताट सार बाजूला," ते ओरडले. "घास घिऊ नको म्हन्तो ना!" मग मला म्हणाले, "ताई, फोन ठिवू नका. काय करू आता?"

बरणी घेऊन आजच डॉक्टरांकडं जा, मी म्हणाले. ताट सरकल्याचा आवाज आला. विलास गेल्यापासून मला कुणाचे आभार मानावेसे वाटले नव्हते. त्या माणसाचे मी मानले, विचारल्याबद्दल.