वाडीची एकच हरकत

भाऊ गेल्याचं मला माटुंग्याला कळलं ते माझ्या धाकट्या भावाकडून. सकाळी सकाळी दारात येऊन उभा राहिला, आत यायलाच तयार नाही. "बेबीताई, भाऊ गेले," एवढंच म्हणाला आणि खाली बघत राहिला. "कसे रे?" तर म्हणाला, "खुर्चीत बसल्या बसल्या. चहा मागितला, सुमाकाकू घेऊन आल्या तर..." मला, खरं सांगते, आधी रडू नाही आलं. राग आला. चाळीवर हातोडा पडायची वेळ आलेली, आणि अशात वाडीला सोडून जायची ही काय रीत झाली?

ज्यांना भाऊ ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी सांगते. ठाकूरद्वारच्या आमच्या वाडीत ते, बायको सुमाकाकूंसह, आमच्याच मजल्यावर राहायचे. कापडाच्या पेढीत कारकून. नात्याचे कुणी नव्हेत, पण माझ्या बारशापासून लग्नापर्यंत सगळ्यांत पुढे. आवाज खणखणीत आणि हट्ट त्याहून खणखणीत. संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांत वाडीच्या मधल्या पटांगणात सभा व्हायच्या त्या त्यांच्याच जिवावर. बायकांचे पापड, पोरांची लगोरी, लग्नाचे मांडव, सगळं त्याच पटांगणात. माझं लग्नही तिथलंच. भाऊंचं तेव्हा एकच सांगणं असे, "जो तो आपापलं बोलायला लागला की सरकारचं फावतं. एकानं बोलायचं, बाकीच्यांनी मागे उभं राहायचं." आम्ही राहायचो. मोर्च्यात भाऊंच्या एका हाकेमागे सगळी वाडी. फूट पडली की संपलं, हे आमच्या अंगात पुरतं भिनलं होतं.

अशातच पालिकेचा आराखडा आला. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत शहर कसं वाढवायचं, रस्ते कुठे, बागा कुठे, शाळा कुठे, त्याचा नकाशा. तो कचेरीत लोकांना बघायला लावला होता. ज्याला काही म्हणायचं असेल त्यानं मुदतीत लेखी हरकत द्यावी, मग सुनावणी होईल, असं पेपरात छापून आलं. भाऊंचा आनंद काय सांगू! "आपल्याला विचारतायत, बेबी! आजवर कुणी विचारलं होतं?" पेढीतून सुट्टी काढून ते जमेल तेवढ्यांना घेऊन गेले. भिंतभर नकाशा, त्यात आमच्या आईला आपली वाडी सापडली तेव्हा ती केवढ्यानं ओरडली, "अगो, ही बघ आपली वाडी!" बोट ठेवून सगळ्यांना दाखवत होती. मग त्या बोटाखालून गेलेल्या दोन सरळ रेघा दिसल्या. नवा रुंद रस्ता होता तो. पटांगणावरून आणि आमच्या निम्म्या चाळीवरून गेलेला.

संध्याकाळी पटांगणात सगळे एकदम बोलायला लागले. आई म्हणाली, मी लिहिते, नळ कुठे नेणार ते विचारते. बदली जागा लांब अँटॉप हिलला देणार अशी बोलवा होती, त्यावर तळमजल्यावरचे शिंपी गोविंदराव म्हणाले, "मशीन उचलून मी जाऊ कुठं? गिऱ्हाईक काय अँटॉप हिलला येणार माझ्यामागं?" प्रत्येकाला आपापलं लिहायचं होतं. भाऊंनी हात वर केला. "सुटे अर्ज नकोत. ती नुसती गाऱ्हाणी होतात. आपला एकच अर्ज, वाडीतर्फे." सह्याही त्यांनी कुणाच्या घेतल्या नाहीत. वाडीतली बरीच माणसं सरकारी नोकरीत, मोर्च्यांपायी काहींना आधीच ताकीद मिळालेली. "उगाच कुणाच्या पोटावर पाय नको. नाव माझं एकट्याचं." आम्हाला ते पटलं. पटलं कसलं, अभिमान वाटला.

सुनावणीला सगळी वाडी गेली, बायका ठेवणीतली लुगडी नेसून. भाऊ उभे राहिले आणि फार सुरेख बोलले. समोरचा अधिकारी भला माणूस होता, तेच तर आमचं दुर्दैव. तो खेकसला असता, हाकलून दिलं असतं, तर पुढे काय करायचं ते आम्हाला पक्कं माहीत होतं. त्यानं शांतपणे सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, "ही एक हरकत झाली. आणखी कुणाची आहे?"

भाऊंनी वळून आमच्याकडे बघितलं. आम्ही ताठ बसलेलो, तोंडं मिटून, अगदी शिस्तीत...

"तुमचं प्रत्येकाचं वेगळं काही असेल तर अजूनही लिहून घेतो," अधिकारी म्हणाला. "रस्ता हवा म्हणणाऱ्या पलीकडच्या दुकानदारांचे गठ्ठ्यानं अर्ज आलेत. प्रत्येकाचा निराळा. तुमचा एकच आहे."

तेव्हा कुठे भाऊंच्या ध्यानात आलं. "अहो, बोला ना! गोविंदराव, मशीनचं सांगा. बेबीची आई, तुम्ही नळाचं..." आई उभी राहिली. पदर सावरला, घसा खाकरला आणि म्हणाली, "भाऊंनी सांगितलं तेच आमचं." गोविंदरावही तेच म्हणाले. मग रांगेनं सगळे तेच म्हणत गेले. प्रत्येकाला वाटत होतं, आपण भाऊंचे हात बळकट करतोय. भाऊ मधे उभे, कधी आमच्याकडे बघत, कधी त्या अधिकाऱ्याच्या थांबलेल्या पेनाकडे. इतका हतबल माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

आराखडा पक्का झाला, रेघा होत्या तिथंच राहिल्या. पुढे राज्य झालं, मुंबई मिळाली. वाडीत पेढे वाटले, रोषणाई झाली, भाऊ पोरांबरोबर चक्क नाचले. आणि लगेच कचेरीत जाऊन आले. आता आपलं राज्य आहे, आता ऐकतील, ही त्यांची भाबडी समजूत. "मुदत केव्हाच संपली हो, काका," असं तिथल्या कारकुनानं सांगितलं. घरी येऊन भाऊ म्हणाले, "चांगला मराठीत नाही म्हणाला बघ, बेबी." हसले, पण ते हसणं काही खरं नव्हतं.

त्यानंतर भाऊ सभेत आधी बोलेनासे झाले. गणपतीच्या मांडवाचं असो की जिन्यातल्या दिव्याचं, स्वतः गप्प बसायचे आणि एकेकापुढे जाऊन विचारायचे, "तुझं काय म्हणणं?" लोक वैतागायचे. मी माहेरी गेले की मलाही विचारायचे, आणि मी म्हणायची, "भाऊ, चहात साखर किती त्याचीही सुनावणी घेताय की काय?"

भाऊंना जाऊन महिना होत आला, आणि गेल्या आठवड्यात चाळ रिकामी करायची नोटीस आली. सगळे पटांगणात जमले, मीही गेले. जो तो भाऊंच्या नेहमीच्या जागेकडे बघत होता. मग सुमाकाकू, ज्या आजवर कधी सभेत बोलल्या नव्हत्या, त्या उठल्या आणि गोविंदरावांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "भावोजी, तुमचं काय म्हणणं?" गोविंदराव आधी गोंधळले... मग आपल्या आंधळ्या सासूबद्दल बोलले. भिंत चाचपत ती एकटी सगळीकडे हिंडते, नव्या जागी तिला जन्मभर हात धरून न्यावं लागेल. माझी आई बोलली ते मीसुद्धा कधी ऐकलं नव्हतं, माझा जो भाऊ तान्हेपणी गेला त्याला ती पटांगणातल्या उन्हात घेऊन बसायची. काकू प्रत्येकापुढे गेल्या. प्रत्येकजण बोलला, आणि एकाचंही म्हणणं दुसऱ्यासारखं नव्हतं. दिवेलागण झाली तरी कुणी उठेना. सगळ्यांचं सगळं सांगून झालं होतं, आणि लिहून घ्यायला समोर कुणीच नव्हतं.