पायाळूच्या पाठचं बाळंतपण

थोरल्या लेकीच्या वेळी मूल पायाळू होतं. डोकं वर, पाय खाली. माहेरच्या तालुक्याच्या डॉक्टरांनी पोट चाचपून सांगितलं होतं की पहिलटकरीण आहे, मूल असं उलटं बाहेर येताना अडकू शकतं, उगीच धोका नको. म्हणून सिझर झालं. गोष्ट एवढीच होती. पण बाळ घेऊन सुरतेला परतले तेव्हापासून ही एवढीशी गोष्ट मला इतक्यांदा सांगावी लागली की शेवटी शेवटी मी ती पाढ्यासारखी म्हणायचे आणि समोरची बाई ती पाढ्यासारखीच ऐकायची, म्हणजे ऐकायची नाही.

आम्ही नवागामला चाळीत राहायचो. नवरा उधन्याला एका लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, कारागीर. सासूबाई आमच्याजवळच असायच्या. घरात अहिराणी, दाराबाहेर गुजराती, अशी आमची बोली. मी दुपारी साड्यांना टिकल्या लावायचे काम घरी आणायचे. ते करता करता सासूबाईंचं एक वाक्य रोज कानावर पडायचं. कोणी पाहुणी आली की माझ्याकडे हनुवटीने दाखवून त्या म्हणायच्या, "कळ नही, वेळ नही, पोर हातमा." म्हणजे कळा न सोसता आयतं मूल मिळालं. पाहुणी हसायची. मी टिकल्या लावत राहायचे.

याच सासूबाईंची दुसरी तऱ्हा बघा. पायाळू माणसाने लाथ मारली की उसण उतरते, असं आमच्याकडे सगळे मानतात. चाळीत कोणाची कंबर धरली की माणूस आमच्या दारात येऊन पालथा पडायचा आणि सासूबाई माझ्या लेकीला काखेत धरून तिचे पाय त्याच्या पाठीवर टेकवायच्या. मोठ्या अभिमानाने. एकदा शेजारणीने शंका काढली, "पण ऑपरेशननं काढलेली पोर पायाळू कशी? पाय आधी बाहेर आलेच नाहीत." त्यावर सासूबाई तिच्याशी अर्धा तास भांडल्या. पोटात उलटी होती म्हणजे पायाळूच, डॉक्टरांनी सांगितलंय, असं ठणकावलं. उसण उतरवायची असली की नात पायाळू. सुनेला बोलायचं असलं की सुनेने कळा चुकवल्या. दोन्ही गोष्टी एकाच तोंडातून, कधीकधी एकाच दुपारी.

दुसऱ्या खेपेला दिवस राहिले ते प्लेगच्या नंतरच्या वर्षी. प्लेगच्या वेळी आम्ही गावी पळालो होतो, परत येऊन बस्तान पुन्हा बसवलं होतं. आमच्या भागातल्या एका लहानशा प्रसूतिगृहात मी नाव घातलं. तिथल्या डॉक्टरीणबाई वयस्क, गुजराती, बोलायला सरळ. पोटावरचा जुना वण बघितला आणि म्हणाल्या, "जुओ बेन, एक वार सिझर एटले बीजी वार पण सिझर." एकदा सिझर झालं की दुसऱ्यांदाही सिझरच.

मी म्हटलं, "पण मागच्या वेळी मूल पायाळू होतं म्हणून केलं. या वेळी सरळ असलं तर?"

"तर आतला टाका कळांनी उसवू शकतो. माझ्याकडे भूल देणारा डॉक्टर बोलवावा लागतो, रक्त बाहेरून आणावं लागतं. तेवढा वेळ मिळाला नाही तर मी काय करू?" पुढे म्हणाल्या, "सरकारी मोठ्या दवाखान्यात प्रयत्न करू देतात. तिथे सगळं तयार असतं. पण तिथली गर्दी तुम्हाला माहीत आहे. इथे तारीख घ्या, स्वच्छ खाट घ्या. तमे नक्की करो."

तुम्ही ठरवा. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला बरं वाटलं होतं. लग्न कोणाशी, राहायचं कुठे, मूल कधी, यातलं काही मला कोणी विचारलं नव्हतं. पण हा मान नव्हता हे लवकरच कळलं.

नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "तू म्हणशील तसं."

"मग प्रयत्न करू या."

"कर की. पण तारीख मिळाली असती तर बरं होतं. शेठला सुट्टी आधी सांगावी लागते."

"मग तारीख घेऊ?"

"तसं नाही. तू म्हणशील तसं."

हे संभाषण आमच्यात किती वेळा झालं, याचा हिशेब नाही. प्रत्येक वेळी तो "तू म्हणशील तसं" पासून निघायचा आणि फिरून तिथेच यायचा, आणि मधे कुठेतरी एक "पण" ठेवून जायचा. मी म्हटलं, तुझं स्वतःचं मत काय ते सांग. तर म्हणाला, बायकांच्या गोष्टीत मला काय कळतं.

एसटीडी बूथवर जाऊन गावाच्या दुकानातल्या फोनवर आईला बोलावून घेतलं. तिनेच माझं पहिलं बाळंतपण केलं होतं. टाक्यात पू झाला होता, मला उठताबसता येत नव्हतं, लेकीला पाजायलाही तीच माझ्या कुशीत आणून ठेवायची. ती लगेच म्हणाली, "पुन्हा पोट फाडून घेऊ नकोस. मी बघितलंय तुझं काय झालं ते." मला हायसं वाटतंय तोच म्हणाली, "पण डॉक्टरीण म्हणते आहे तर तिचं ऐक. त्यांना जास्त कळतं." मी विचारलं, म्हणजे नक्की काय करू? तिकडून आवाज आला, "तू शहाणी आहेस. तूच ठरव."

माझी कारणं माझ्याशी स्पष्ट होती. मागच्या वेळी आईचं घर होतं, इथे चाळ होती. नळाला पाणी ठरल्या वेळी यायचं, हंडे लांबून उचलून आणायचे, दोन वर्षांची पोर कडेवर चढायला मागायची. पुन्हा ती जखम, पुन्हा तो पू, आणि या वेळी आई नाही. मला ते नको होतं. पण टाका उसवतो म्हणजे काय होतं, हे डोळ्यांसमोर आलं की हातातली सुई थांबायची.

निदान सासूबाई तरी खूश होतील, असा माझा अंदाज होता. एका दुपारी त्या तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी म्हटलं, "आई, मी या वेळी ऑपरेशन न करता प्रयत्न करायचं म्हणते."

त्यांनी मान वर केली नाही. म्हणाल्या, "नही वं माय. ऑपरेशनच करी ले."

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "दोन वर्षं तुम्ही मला कळा चुकवल्या म्हणून ऐकवताय. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला सांगताय. आणि आता मी कळा घ्यायला निघाले तर नको?"

"ते बोलनं व्हतं," त्या म्हणाल्या. "बोलनं येगळं, मरनं येगळं."

मग त्यांनी त्यांच्या धाकट्या बहिणीचं सांगितलं. अशी एक बहीण होती हेच मला ठाऊक नव्हतं. मूल आडवं आलं होतं. सुईण दोन दिवस खटपट करत राहिली, मग बैलगाडीत घालून तालुक्याला न्यायला निघाले. सासूबाई गाडीत होत्या, बहिणीचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. नदी ओलांडायच्या आत ती गेली, पोटातलंही गेलं. गाडी तिथूनच परत वळवली. हे सगळं त्यांनी तांदूळ निवडता निवडताच सांगितलं. खडा सापडला की बाजूला ठेवत होत्या.

माझा राग कुठे ठेवावा ते मला कळेना. पण तो गेलाही नाही. मी विचारलं, "मग मला का बोलत होतात?"

"तू जित्ती परत उनी, म्हणीसन बोलनू."

जिवंत परत आलीस म्हणून बोलले. मी उठून चहा ठेवला.

मोठ्या दवाखान्यात गेले तेव्हा रांग दाराबाहेर आलेली होती. माझा नंबर लागेपर्यंत लेक दोनदा झोपून उठली. आत एक तरुण डॉक्टरीण होती, तिच्या टेबलाशी एका वेळी चार-चार बायका उभ्या. तिने पोट नीट चाचपलं, पहिल्या ऑपरेशनचा कागद वाचला आणि हिंदीत सांगितलं, "बाळाचं डोकं खाली आहे. मागचं कारण या वेळी नाही. छेद खालच्या बाजूला, आडवा आहे, ते चांगलं. प्रयत्न करता येईल. टाका उसवायची शक्यता कमी आहे, पण आहे. तसं झालं तर तुम्हाला आणि बाळाला, दोघांना धोका. दुसऱ्या सिझरलाही धोका असतोच, लोक तो धरत नाहीत. कळा सुरू झाल्या की घरी बसायचं नाही, लगेच इथे यायचं. आम्हाला काही वेगळं दिसलं तर ऑपरेशन करू. बोला, काय करायचं?"

मी म्हटलं, "तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?"

"मी तुमच्या जागी नाही," ती म्हणाली. हसून म्हणाली, पण खरं तेच होतं. मागे उभी असलेली बाई माझ्या खांद्याला ढकलत होती.

ज्यांच्याकडे उत्तर मागायला गेले, त्या प्रत्येकाने प्रश्न परत माझ्याच ओटीत टाकला. डॉक्टरीणबाईंना ठपका नको होता, आईला नको होता, नवऱ्याला तर नकोच. उद्या काही वाकडं झालं तर सगळ्यांना म्हणता येणार होतं, तिनेच ठरवलं. परतताना रिक्षात लेक मांडीवर झोपली होती. मी चिडून मनाशी म्हटलं, ठीक आहे, नाहीतरी माझ्याच नावावर मांडणार आहात, तर मग माझ्या मनाचं तरी करू दे. घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं, "मोठ्या दवाखान्यात. आधी प्रयत्न. नाही जमलं तर ऑपरेशन."

"बरं," तो म्हणाला. "पण..."

"पण नको," मी म्हटलं. त्याच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव होता, त्याने मी आणखीच चिडले.

कळा सकाळी सुरू झाल्या, नवरा कामावर गेल्यावर. शेजारणीकडे लेकीला ठेवलं, त्याला निरोप धाडला आणि सासूबाईंबरोबर रिक्षात बसले. वाटेत रेल्वेचं फाटक बंद. मालगाडी आली ती संपेचना, ती गेली तर दुसऱ्या बाजूने आणखी एक गाडी येणार म्हणून फाटक तसंच. सासूबाई माझा हात धरून रुळांकडे बघत होत्या. त्या कुठली नदी बघत होत्या ते मला कळत होतं. मीच त्यांना म्हटलं, "उघडेल आता." त्या नुसत्या मान हलवत होत्या.

दवाखान्यात पोचले तर माझी ती डॉक्टरीण ड्यूटीवर नव्हती. होते ते डॉक्टर माझा कागद बघून म्हणाले, "आधीचं सिझर? मग तारीख का नाही दिली? कोणी ठरवलं हे?"

एक कळ येऊन जाईपर्यंत मी टेबलाची कड धरून उभी राहिले. मग पाढा म्हटला. पायाळू, डोकं खाली, आडवा छेद, प्रयत्न. ते म्हणाले, "अजूनही ऑपरेशन करता येईल. काय करायचं?"

"मी ठरवून आलेय," मी म्हटलं. "तुम्हाला काही वेगळं दिसलं तर सांगा, लगेच हो म्हणेन. पण आता पुन्हा विचारू नका."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही, आणि त्यांनी लक्षही नीट ठेवलं, हे सांगायलाच हवं. एक नर्स सारखी येऊन बाळाचे ठोके ऐकायची, वणावर बोटं ठेवून विचारायची, "इथे दुखतं? कळ नसताना दुखतं?" त्यामुळे माझं सगळं ध्यान त्या वणावर. बायका कळांमध्ये देवाचं नाव घेत होत्या, आयांना हाका मारत होत्या, आणि मी दोन कळांच्या मधे पोटाला कान लावल्यासारखी पडून होते. भीती इतकी होती की दुखण्याकडे नीट लक्षच जाईना. दिवेलागणीच्या सुमाराला मुलगा झाला. रडला. खाली टाके पडलेच, पण पोट शाबूत होतं. नर्सने शेवटचं विचारलं, "इथे दुखतं?" मी नाही म्हटलं आणि मग मला रडू आलं.

सासूबाईंना आत सोडलं तेव्हा त्यांनी आधी माझ्या कपाळाला हात लावला, मग बाळाकडे बघितलं. त्याच्या अंगावरचं फडकं सारखं केलं.

घरी आल्यावर मात्र बोलणं परत आलं. मी चालती-फिरती राहावं म्हणून एवढा आटापिटा केला होता. सासूबाई मला बाजेवरून उठू देईनात. खाली निखाऱ्यांची शेगडी, वर पत्र्याचा उन्हाळा, कानाला बांधलेलं फडकं. हंड्याला हात लावायला गेले की ओरडायच्या, "गप पडी राय." पाणी त्या स्वतः भरायच्या आणि कंबर धरून बसायच्या.

आणि पडून राहिल्यामुळे मला पळायला जागा नव्हती. बाळ बघायला येणारी प्रत्येकजण बाजेच्या कडेला टेकायची आणि म्हणायची, "बघ, जमलं की नाही? म्हणजे पहिल्या वेळीही जमलं असतं." आई फोनवर हेच म्हणाली, असं नवऱ्याने येऊन सांगितलं. पुढे त्यानेच पुस्ती जोडली, "बरोबरच आहे ना तिचं." इतका धोका पत्करून जे केलं, त्याचा सगळ्यांनी काढलेला अर्थ हा, की मागच्या वेळी मी आळस केला.

सुरुवातीला मी प्रत्येकीला समजावून सांगितलं. मूल उलटं होतं, हे सुलटं होतं, दोन्हींत फरक आहे. त्या मान डोलवायच्या आणि जाताना दारात सासूबाईंना तेच ऐकवायच्या. सासूबाईसुद्धा "हा ना" म्हणायच्या.

असंच एकदा गल्लीच्या टोकाची एक बाई येऊन बसली. बाळाची दृष्ट काढली, चहा घेतला आणि सुरू झाली, "पहिल्या वेळीही तुला..."

"हो," मी म्हटलं. "जमलं असतं."

ती गोंधळली. माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मी आणखी काही बोलेन म्हणून. मी बाळाला दुसऱ्या अंगावर घेतलं. तिने उरलेला चहा संपवला, कप बाजेच्या पायाशी ठेवला आणि पाण्याची वेळ झाली म्हणून उठून गेली.