चार कोपऱ्यांचे डबे

बसवेशला कुणी हाक मारली की तो हल्ली खेकसायचाच. खेकसणार नाहीतर काय करणार? डिप्लोमा केलेला माणूस. जळकोटात मोटारींचे स्टार्टर दुरुस्त केले, मग पुण्यातल्या कारखान्यात जीव विटेस्तोवर राहून परत आला. आता कुठं घरची भाकरी खाऊन करायचं काम हाताशी आलं होतं!

काम म्हणजे कल्याणप्पाकाका आणि प्रेमाकाकूंच्या द्राक्षबागेत मातीची ओल सांगणारे डबे पुरायचे. कुठला डबा बागेत कुठं आहे, हे ज्याचं त्या डब्यानंच ताडायचं. बागेच्या चार कोपऱ्यांत खांबांवर चार डबे होते, तेवढ्यांची जागा कंपनीला ठाऊक. त्यांचा सिग्नल किती जोरात येतो, यावरून बाकीचे डबे आपलं अंतर काढायचे आणि नकाशा तयार व्हायचा. तो बरोबर आला तर कंपनी जिल्हाभर काम काढणार, बसवेश गावातच राहणार. नाही आला तर पुन्हा पुणं.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, रानात पूजा करून सारं गाव तिथंच जेवलं. बसवेश मात्र बॅटऱ्यांसाठी नळदुर्गात बोंबलत हिंडत होता. दुसऱ्या दिवशी कंपनीचे साहेब आले, मोबाईलवर नकाशा उघडला.

"ओढ्याकडची बाजू कोरडी ठणठणीत दिसतेय," म्हणत ते तिकडं निघाले.

बसवेश मागोमाग धावला. तिथं तर ठिबकची नळी फुटलेली! तो काही बोलेपर्यंत साहेबांचा बूट घोट्यापर्यंत चिखलात रुतला.

"हा तुमचा कोरडा भाग?"

"सर, पाल्यानं सिग्नल दबला असेल..." बसवेशचं त्यालाच पटेना. साहेबांनी हौदावर बूट धुतले आणि गाडीत बसले. "राहू द्या," एवढंच म्हणाले.

बसवेश तणतणत खांबापाशी गेला. डब्यावर हळदकुंकू! दुसऱ्यावरही, तिसऱ्यावरही.

"काकू! डब्यांना कुणी हात लावला?"

"म्या," प्रेमाकाकू म्हणाल्या. "कडब्याच्या कोपीत पांडवांच्या दगडांशेजारी मांडून पुजले. पूजा झाल्यावर कोपऱ्यात ठेवले की परत!"

"कुठला कुठल्या कोपऱ्यात? अहो, अख्खा नकाशा उलटा झाला!"

"चारी सारखेच दिसतेत रं. नावं तरी लिहायची हुतीस."

त्यानं साहेबांना फोन लावून सगळं सांगितलं. "कुणीही उचलून नेतं, असल्या ठिकाणी आम्ही काम काढत नाही," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मग मात्र बसवेशचा तोल सुटला. "यंत्रं हायेत ती! पुजायला कुणी सांगितलं हुतं तुमाला?"

काकू बिचकल्या. पदराला हात पुसत हळूच म्हणाल्या, "तूच म्हणालास न्हवं, तुझं हितलं राहणं ह्यांच्यावर हाय म्हणून? मग हात जोडले बाबा. म्हणलं, आमच्या पोराला परत पुण्याला धाडू नगा."