खांद्यामागचा तीळ

डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मी दर महिन्याला दोन आरसे धरून अंगावरचे तीळ तपासते. पाठीपाशी आले की आई आठवते. ती जाऊन आता बरीच वर्षं झाली. आपली पाठ आपल्याला कुठे दिसते? ती आपल्या माणसानेच ओळखायची.

माहेरी गेले की आई मला न्हायला बसवून पाठ चोळायची. एकदा तिचा हात खांद्यामागे थांबला.

"हा तीळ असा नव्हता गं. वाढलाय, कडाही वेड्यावाकड्या झाल्यात. उद्याच दाखवून येऊ."

मी हसण्यावारी नेलं. तिने जेवणच सोडलं, तेव्हा निमूट गेले. कॅन्सरची नुकती सुरुवात होती. तीळ काढला आणि मी वाचले.

"इतक्या लवकर कुणाच्या लक्षात आलं?" डॉक्टरांनी विचारलं.

आई पदर सावरत म्हणाली, "माझ्या. चौतीस वर्षं ही पाठ धुतेय मी."