वरून दिसेल म्हणून

हां, तर काल आपण माझ्या मेव्हण्यावर खोटारडेपणाचा आळ आला तिथवर आलो होतो. आता पुढचं ऐका.

मेव्हणा म्हणजे आमच्या हिचा थोरला भाऊ. वारा मोजणाऱ्या कचेरीच्या बोटीवर बावीस वर्षं. उपग्रह बदलले, साहेब बदलले, हा तिथेच. हल्लीचा उपग्रह दर सोळा दिवसांनी दुपारी एकला डोक्यावरून जातो आणि समुद्रावर लेसरचा उजेड मारतो. पाणी गुळगुळीत असलं की उजेड आरशावरून परतावा तसा सरळ वर जातो. वाऱ्याने पाणी खडबडीत झालं की तो चहूकडे सांडतो, वर थोडाच पोचतो. त्यावरून वारा किती ते काढतात. मला सातवी पास माणसाला कळलं, म्हणजे अवघड नसणार. मेव्हण्याने त्याच ठिकाणी, तरंगत्या पिंपाला बोट बांधून, तीन वाट्यांचं फिरतं यंत्र वर धरायचं आणि खरा वारा वहीत लिहायचा. उपग्रहाचे पेपर तपासणारा मास्तरच म्हणा ना.

आणि मास्तरच नापास! लागोपाठ चार खेपा वही म्हणते वारा सेकंदाला सात मीटर, उपग्रह म्हणतो दोन. कचेरीचं पत्र आलं: ‘आपण घरी बसून नोंदी करता काय? खुलासा न पटल्यास आपल्या बावीस वर्षांच्या नोंदी बाद करण्यात येतील.’

ही संतापली. “दादा घरी बसून लिहील?”

“घरी बसू देतं कोण त्याला?” मी म्हटलं. “वहिनी हाकलून लावते.”

मला जेवण मिळालं, पण उशिरा.

पाचव्या खेपेला कचेरीतून लेसरवाल्या बाई जातीने बोटीवर आल्या. उपग्रहाच्या कामात मुरलेल्या, पण समुद्र पाहिलेला सगळा कागदावर. मेव्हणा इस्त्रीच्या शर्टात, दाढी करून, तासभर आधी हजर. पिंपाला बोट बांधली आणि बोटीच्या तळात साचलेलं पाणी डब्याने बाहेर फेकायला लागला.

“हे काय करताय, काका?”

“वरून बघणार ना ते? बोट घाण दिसायला नको.”

बाई हसल्या, पण फार वेळ नाही. बोट डुलत होती. पाऊण वाजता बाईंनी कठडा धरला आणि सकाळचा नाश्ता समुद्राला दिला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा वाकल्या त्या तशाच राहिल्या. मेव्हणा घाबरून पाणी घेऊन धावला.

“काका, थांबा! पाणी बघा.”

चहूकडे पाण्यावर बारीक लाटांची खरखर उठलेली. पण बोटीपासून वारा जातो त्या बाजूला चांगल्या दोन खळ्यांएवढा पट्टा कसा? तर तुपाचा हात फिरवल्यासारखा. इंजिन दोन महिने तेल गाळत होतं. ते तळातल्या पाण्यात उतरायचं आणि आमचा स्वच्छतेचा भोक्ता ते नेमकं लेसरच्या ठिपक्यावर ओतायचा. तेलाखाली बारीक लाटा दबायच्या, उजेड भरभरून वर जायचा, आणि वर बसलेल्या शहाण्याला वाटायचं वारा पडला!

एक वाजता यंत्राच्या वाट्या गरगरत होत्या. बाईंनी स्वतः वाचलं: सात. उपग्रहाने काय लिहिलं ते दोन दिवसांनी कळलं: दोन.

बाई कचेरीचा माफीचा कागद घेऊन मेव्हण्याच्या घरी आल्या. आम्ही दोघंही तिथेच होतो. आळ गेला, बावीस वर्षं शाबूत. इंजिन दुरुस्तीला टाकलं. हिने डोळे पुसले, मी माझे पुसले नाहीत असं ठरलंय. मग बाई जरा चाचरत म्हणाल्या, “फक्त एक आहे, काका. या पाच खेपांचा मेळ बसत नाही. तेवढ्या पाच नोंदी तुमच्या वहीतून खोडाव्या लागतील.”

मेव्हण्याने वही मांडीखाली घेतली आणि म्हणाला, “खोडायच्या तर त्या उपग्रहाच्या खोडा, बाई. माझ्या तेलाला तो फसला. मी वारा मोजत होतो, आणि वारा सातच होता.”