सबीना गेली कुठे?

डेलिया मल्करिनने आयुष्यभर लोकांचे केस धुतले, कापले, कुरळे केले आणि फुकटात सगळ्या गावाची गुपितं ऐकली. आयर्लंडमधल्या कोनेमाऱ्याच्या खडकाळ किनाऱ्यावरच्या तिच्या घरात, पुढच्या खोलीत एक आरसा, दोन खुर्च्या आणि केस वाळवायचं घरघरणारं यंत्र एवढाच पसारा. कोणाचा मुलगा बोस्टनहून फोन करत नाही, कोणाची सून माहेरी जाऊन बसली आहे, सगळं तिला तोंडपाठ. स्वतःच्या घराण्याबद्दल मात्र तिला काडीचंही ठाऊक नव्हतं, आणि हे कळायला तिला साठी उलटावी लागली.

आई गेल्यावर तिला जुनी कागदपत्रं चाळायचा नाद लागला. काँप्युटरवर एकोणीसशे एक सालची जनगणना निघाली. त्यात पणजोबा मार्कस, पणजी ऑनोरा आणि त्यांची एकुलती एक मुलगी सबीना, वय तीन. डेलियाने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. तिच्या आजोबांना, कोलमनना, बहीण नव्हतीच. होते ते दोन धाकटे भाऊ. आणि खुद्द आजोबा त्या कागदावर नव्हते! दहा वर्षांनंतरच्या जनगणनेत बघावं तर कोलमन हजर, तेरा वर्षांचे, दोन्ही भाऊ हजर आणि सबीना गायब. खाली ऑनोराच्या नावापुढे लिहिलेलं: मुलं झाली पाच, हयात तीन.

डेलियाचं डोकं गरगरायला लागलं, आणि त्याच अवस्थेत तिने वडिलांना सगळं सांगून टाकलं. तिथेच चुकलं.

फेस्टी मल्करिन ऐंशीच्या पुढचे. ते दिवसभर स्वयंपाकघरात शेगडीजवळ बसून काळाकुट्ट चहा पीत.

"मेली असेल बिचारी," ते म्हणाले.

"मृत्यूची नोंद नाही, डॅडी."

"मग लग्न करून गेली असेल."

"तेरा वर्षांची व्हायच्या आत?"

"अमेरिकेला?"

"बोटींच्या याद्या पालथ्या घातल्या. कुठेच नाही."

फेस्टींनी कप खाली ठेवला. नको असलेल्या पोरी नन चालवत त्या उंच भिंतींच्या घरांत नेऊन सोडायच्या आणि मग त्यांचं नावही काढायचं नाही, असा काळ त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता.

"म्हणजे माझ्या आजीने पोर टाकली," ते म्हणाले. "ऐक डेलिया, तसं असेल तर मी त्या बाईच्या शेजारी झोपणार नाही. मला दुसरीकडे कुठेही पुरा."

"आणि मम्मी? तिला तिथे एकटीलाच पडू द्यायचं?"

म्हाताऱ्याने पुन्हा कप उचलला. पण हट्ट सोडला नाही. घराण्याच्या थडग्यावर आईचं नाव कोरायचं होतं आणि खाली वडिलांसाठी जागा राखायची होती. जुलैत कबरींना आशीर्वाद द्यायचा रविवार येतो, त्याआधी सगळं गाव आपापली थडगी घासूनपुसून लख्ख करतं. दगड कोरणारा फोन करून करून कंटाळला, आणि फेस्टींचं एकच पालुपद: त्या पोरीचं काय झालं ते आधी कळू दे.

मग डेलियाने कंबर कसली. दुकान बंद ठेवून ती गॉलवे शहरात जाऊ लागली, चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या पाहू लागली. तिथे तर आणखीच घोळ! कोलमनचा बाप्तिस्मा सापडला, पण साल तेच, ज्या साली सबीना जन्मलेली असायला हवी. जुळी? मग दुसरीचं नाव शेजारीच हवं होतं. तिथे शेजाऱ्यांच्या पोराचं नाव होतं. जितकं वाचावं तितकं धुकं दाट. रात्री उशीला डोकं टेकलं की तिला ती तीन वर्षांची पोर दिसायची, कुठल्यातरी बंद दाराशी उभी असलेली. डेलियाला तिची माया लागली होती, आणि पणजीचा राग राग येत होता.

दुकानात तर सबीना हाच विषय. "दाईने बदलली असेल," एकीने सांगितलं. "जिप्सींनी नेली," दुसरी म्हणाली. तिसरीने तर पणजोबांच्याच चारित्र्यावर बोट ठेवलं, तेव्हा डेलियाने तिच्या डोक्यावर जरा जास्तच गार पाणी सोडलं.

रविवार तोंडावर आला. वर्षातून एकदाच दुकानात पाऊल टाकणाऱ्या शेजारच्या बॅब्स कोनीली केस सेट करायला आल्या, नव्वदीच्या. डोक्यात रोलर, वर घरघरणारं यंत्र, त्यामुळे सगळ्यांना त्यांच्याशी ओरडून बोलावं लागत होतं.

"कोण हरवलंय म्हणालीस?"

"सबीना! आजोबांची बहीण!"

"बहीण कसली! अगं येडे, ती तुझा आजोबाच की!"

डेलियाने यंत्र बंद केलं.

"हो हो, कोलमनच तो," बॅब्स म्हणाल्या. "तुमच्या स्वयंपाकघरात फोटो लटकतोय त्याचा, झग्यातला."

फोटो होता खरा. त्या काळी तिथल्या सगळ्याच मुलग्यांना नऊ-दहा वर्षांचे होईस्तोवर झगे घालत. परीलोकातली 'ती' टेकडीतली माणसं मुलगे पळवतात, मुलींकडे ढुंकूनही बघत नाहीत. हे कोनेमाऱ्यात कोणाला शिकवावं लागत नाही.

"झगा ठीक आहे हो, बॅब्स. पण नाव?"

"नाव ऑनोराने आपल्या मनाने जोडलं. आधीचे दोन मुलगे गेले होते ना तिचे! पाद्री होडीतून पोचायच्या आत गेले, दोघंही. तिसरा वाचला. मग उंबऱ्याबाहेर ती त्याला सबीनाच म्हणायची. आता दारात परक्या गावचा शिपाई कागद घेऊन उभा, घरात कोण कोण आहे विचारतोय. तिने काय, मुलगा आहे म्हणून ओरडून सांगायचं? माझी आई तेव्हा लहान होती, ती सांगायची. मोठेपणी कोणी 'सबीना' म्हणून चिडवलं की कोलमन हाणायला धावायचा. तुझ्या बापासमोर कोण बोलणार?"

डेलिया हसत सुटली, आणि हसता हसता रडायला लागली. देवाच्या वहीत मुलगा, सरकारच्या कागदावर मुलगी! आणि आपण वर्षभर त्या माउलीला शिव्या घातल्या, हे तिला फार लागलं.

संध्याकाळी फेस्टींनी भिंतीवरचा फोटो उतरवून मांडीवर घेतला. झग्यातला बाप कॅमेऱ्याकडे रागाने बघत होता. म्हातारा खोकला येईपर्यंत हसला. मग एकदम थांबला.

"पाच झाली होती म्हणालीस ना? तीन जगली."

"हो. ते दोन मुलगे."

"नावं काय त्यांची?"

"नावं ठेवलीच नव्हती, डॅडी."

"मग ते कुठे आहेत?"

ते बॅब्सने सांगितलं होतं. बाप्तिस्म्याआधी गेलेल्या मुलांना चर्चच्या जमिनीत जागा नसे. त्यांना समुद्राकाठच्या माळावर ठेवत. जी नव्हतीच तिला डेलियाने वर्षभर शोधलं, आणि जे होते त्यांची चौकशी शंभर वर्षांत कोणी केली नव्हती. तिनेही केली नव्हती.

रविवारी पाद्री कबरींवर पवित्र पाणी शिंपडून गेले. सगळे चहाला निघाले, तेव्हा फेस्टींनी खिशातली बाटली त्या पवित्र पाण्याने भरून घेतली आणि डेलियाला गाडी समुद्राकडे घ्यायला लावली. माळावर गवतात लहान लहान दगड रोवलेले होते, सगळे कोरे. त्यांतले आपले दोन कुठले, कोण सांगणार? फेस्टी काठी टेकत एकेका दगडाशी थांबले आणि बाटली रिकामी होईपर्यंत सगळ्यांवरच पाणी शिंपडत राहिले.

मग ते गाडीत येऊन बसले आणि त्यांनी बूट झटकले.

"त्या दगडवाल्याला फोन लाव," ते म्हणाले. "आजीच्या नावाखाली लिही म्हणावं, 'आणि तिचे दोन मुलगे'. मग तुझ्या मम्मीचं नाव. आणि त्याखाली माझ्यापुरती जागा सोड म्हणावं."