जीप भंगारात जाता जाता राहिली

जीप भंगारात देऊ नको, हे मी बाबाला दिवाळीपासून सांगतोय, पण ऐकतो कोण? आमची दाभोसा-जव्हार चालणारी जुनी जीप चढावर तापायची. मिस्त्री बोलला, इंजिन गेलं. आज भंगारवाला येणार होता.

मी इकडे वापीला कामावर. सकाळी व्हिडिओ कॉल केला. "बाबा, पुढची जाळी दाखव."

दसऱ्याला बांधलेलं भाताच्या लोंब्यांचं तोरण अजून तिथेच. जाळीमागचा रेडिएटर तोरणातल्या तुसाने आणि झेंडूच्या पाकळ्यांनी गच्च भरलेला. वारा लागणार कुठून? मी बोललो, काढ ते तोरण.

"देवाचं हाय, कसं काढू?"

"घराच्या दाराला बांध. दार तापत नाही."

बाबा हसला. तोरण काढून रेडिएटर धुतला. दुपारी जीप माणसांनी भरून जव्हारचा चढ चढला, तापमानाचा काटा मधेच राहिला. भंगारवाला चहा पिऊन परत गेला.

तुमच्या गाडीच्या जाळीवर काय बांधलंय? बघा एकदा. आमच्या रेडिएटरच्या पाण्याचा पाईप मात्र फुगलाय, नव्यासाठी बाबाला पाठवतोय सातशे रुपये.